बायांचं खाली सतरंजीवर असते

आमच्या घरात खामगावची एक गोष्ट गेली तीसेक वर्षं सांगितली जाते. बाई दिवसभराच्या दशम्या बांधून कॅरमच्या स्पर्धेला गेली, पहिल्याच फेरीत तिचा हात थरथरला आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत ती घरी परतली. लग्नात, बारशात, पाहुणे जमले की कोणीतरी ही गोष्ट काढतो आणि सगळे हसतात. ती सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो. मला ती रंगवून सांगता येते.

ती बाई माझी बायको. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. ती घाबरली नव्हती आणि तिचा हातही थरथरला नव्हता. तो सामना ती का हरली हे फक्त मला माहीत होतं, आणि तिच्या हयातीत मी ते तिला सांगितलं नाही. आता सांगून तिला काही उपयोग नाही. तरी तिच्या नावावर जी गोष्ट मी लावली ती काढून घेणं भाग आहे.

ती धाड गावची. तिथल्या समाजमंदिरात एक कॅरम बोर्ड होता. पोरं खेळायची, पोरी दारात उभ्या राहून बघायच्या. हिच्या मोठ्या भावाला जोडीदार मिळाला नाही की तो हिला बसवायचा. पुढे पुढे मोठी माणसंही हिच्यासमोर बसायला नको म्हणू लागली. समाजमंदिरात खुर्च्या नव्हत्या, टेबलही नव्हतं. सतरंजीवर दोन विटा, विटांवर बोर्ड, चारही बाजूंनी माणसं खाली बसलेली. ती डावा गुडघा उभा करून बसायची आणि अवघड सोंगटी मारताना त्या गुडघ्यावर रेलून अंग अलगद पुढे न्यायची. तिचा सगळा खेळ त्या गुडघ्यावर उभा होता असं म्हटलं तरी चालेल.

मी बुलढाण्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मलाही कॅरमचा नाद. कचेरीच्या करमणूक खोलीत रोज संध्याकाळी खेळायचो. कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेत एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेलो होतो आणि त्या जोरावर चांगला खेळाडू म्हणून मिरवायचो. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, करमणूक खोलीतला जुना बोर्ड मी घरी आणला. तोपर्यंत ही खेळते हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला हरवलं. मी हसलो. खरंच हसलो. घरातल्या घरात हरायला काही वाटत नाही.

मग एका रविवारी कचेरीतले चौघे जण चहाला आले. बोर्ड मांडलेला होता. एकानं गमतीनं म्हटलं, "वहिनी, या की एक डाव." तिनं पदर खोचला आणि खाली बसली. चौघांनाही तिनं एकामागून एक हरवलं. शेवटी त्यांनी मला बसवलं आणि तिनं मलाही हरवलं.

"वहिनी, यायले कधी जिंकू देता का नाई?" एकानं विचारलं.

"हाव, सणावाराले," ती म्हणाली. आणि चहाचे कप उचलून आत गेली.

सोमवारी कचेरीत पाऊल टाकलं तर सगळ्यांच्या तोंडी तेच. "काय चॅम्पियन, घरी उपांत्य फेरी तरी गाठता का?" "पुढच्या साली आपल्याकडून वहिनीच खेळतीन, तुमी पावडर टाका." मी त्यांच्याबरोबर हसत होतो. पण तो दिवस मी विसरलो नाही. ती मात्र तो रविवार संध्याकाळपर्यंत विसरलीही असेल.

त्याच चौघांतल्या एकानं खामगावच्या स्पर्धेची खबर आणली. तिथलं एक मंडळ बायकांसाठी एकेरीचे सामने घेणार होतं. एकाच रविवारी सगळ्या फेऱ्या. हरली ती बाहेर, जिंकली ती पुढे, संध्याकाळी शेवटचा सामना. नाव द्या म्हणून तो मागेच लागला. नाही म्हणावं तर जळतो म्हणतील. मी नाव दिलं.

तिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"माहं नाव देलं? खामगावले?"

"हो."

"मले जमन का पण?"

"जमन," मी म्हणालो.

त्यानंतरचा महिना मला फार स्पष्ट आठवतो. आमच्या संसारातला तो सगळ्यात चांगला महिना होता असं मला आता वाटतं, आणि म्हणूनच त्याची आठवण नको होते. दिवसभर चालणाऱ्या सामन्यांची तयारी कशी करायची हे मला ठाऊक होतं आणि ते मी तिला मन लावून शिकवलं. बोरिक पावडर धोतराच्या जुन्या फडक्यातून चाळून द्यायचो. बोर्डाच्या वर तार ओढून दिवा खाली आणला, कारण स्पर्धेत तसा असतो. नखं आदल्या दिवशी कापायची नाहीत, तीन-चार दिवस आधी कापायची, म्हणजे बोटाला सवय होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी धुणं धुवायचं नाही, सोड्यानं बोटं मऊ पडतात. सकाळी भात खायचा नाही, झोप येते. दोन सामन्यांच्या मध्ये दुसऱ्यांचे सामने बघत बसायचं नाही; कोपरा धरून डोळे मिटून बसायचं. समोरची कितीही गोड बोलली तरी मान हलवायची, गप्पा मारायच्या नाहीत. पहिला सामना जिंकल्यावर हुरळून जायचं नाही, कारण दिवस लांब असतो आणि माणूस दुपारी हरतो.

ती सगळं ऐकायची. शाळेतल्या पोरीसारखी ऐकायची. धुणं तर तिनं आठवडाभर आधीच माझ्याकडे दिलं. "आता तुमीच धुवा, माहे बोटं सरकारी झाले," म्हणाली. आणि मी खरंच धुतलं. शेजारच्या बाईनं भिंतीवरून पाहिलं आणि वस्तीभर केलं.

रोज संध्याकाळी आम्ही खेळायचो. मी जीव तोडून खेळायचो आणि हरायचो. मुलगी गुण मोजायला बसायची. "बाबा हरले, बाबा हरले," म्हणून उड्या मारायची.

एका संध्याकाळी तिनं मला एकही गुण मिळू दिला नाही. सगळा डाव संपला आणि माझ्या बाजूला शून्य. असं माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मुलगी ओरडली, "बाबाचा भोपळा!" बायकोनं तिला दटावलं. पण दटावताना तिलाही हसू फुटलं होतं. मग ती सोंगट्या गोळा करता करता सहज बोलली,

"शेजारीणबाई म्हणत होत्या, तिथं टेबल-खुर्च्यावर खेळा लागते म्हणे. तसं असन तं मले तशी सवय करा लागन. तुमच्या ऑफिसातून एखादं स्टँड भेटन का आनाले?"

कचेरीत स्टँड होतं. करमणूक खोलीतल्या शिपायाला सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी घरी आणून टाकलं असतं. आणि स्पर्धा खुर्चीवरच असते हे मला पक्कं माहीत होतं. मी स्वतः तसाच खेळलो होतो. एकदा डाव सुरू झाला की खुर्ची सरकवता येत नाही, बसल्या जागेवरून उठता येत नाही, अंग उचललं तर पंच फाऊल देतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

मी म्हणालो, "ते माणसांचं. बायांचं खाली सतरंजीवर असते."

"असं का," ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली.

एवढंच. मी ते आधी ठरवलं नव्हतं. वाक्य तोंडातून निघालं आणि मग मी ते परत घेतलं नाही. परत घ्यायला पुरे आठ-दहा दिवस होते. रोज संध्याकाळी ती गुडघा उभा करून सतरंजीवर बसायची, मी समोर बसायचो, वर दिवा लावायचो, आणि काही बोलायचो नाही. बाकीची तयारी तशीच चालू ठेवली. उलट जास्तच मनापासून करत होतो. ते कसं जमलं हे मला आजही सांगता येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे उठून तिनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, दोघांना रात्रीपर्यंत पुरेल एवढं बांधलं. "पाच फेऱ्या हायेत म्हणता, मंग भूक तं लागनच." मुलीला शेजारी ठेवलं. एसटीत ती खिडकीशी बसली होती. बोथ्याचं जंगल लागलं तेव्हा तिनं उजवा हात शालीत गुंडाळून घेतला, बोटांना गारठा लागू नये म्हणून. हेही मीच शिकवलं होतं.

एका शाळेच्या हॉलमध्ये सामने होते. आम्ही दारात पोचलो. आत ओळीनं स्टँड, स्टँडवर बोर्ड, प्रत्येक बोर्डाला समोरासमोर दोन खुर्च्या. ती दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं.

"तुमी तं म्हणले होते..."

"ऐनवेळी बदललं वाटते," मी म्हणालो.

ती खुर्चीकडे गेली, पाठीवर हात ठेवून एकदा हलवून पाहिली, आणि बसली. ती उंचीनं कमी. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. समोर खामगावचीच कॉलेजातली मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, खुर्ची आताच जवळ घेऊन घ्या. मंग हलवू देत नाईत." हिनं थोडी पुढे घेतली. किती घ्यायची हे तिला कसं कळणार?

पहिला डाव ती हरली. सोंगटी दिसायची पण कोन कळत नव्हता. खालून बघायची सवय, आता वरून बघायचं. अवघड सोंगटीला तिचा गुडघा आपोआप उभा व्हायला गेला, ती खुर्चीवरून किंचित उठली आणि पंचानं हात वर केला. फाऊल. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बघणाऱ्या दोन-चार बाया हसल्या. तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या डावात मात्र वेगळंच घडलं. तिनं पायातल्या चपला काढल्या. खुर्चीच्या आडव्या दांडीवर एक पाय टेकवला. पहिल्या काही सोंगट्या तिनं सोप्या मारल्या, हळू, जणू बोर्ड नव्यानं ओळखून घेत होती. आणि मग ती खेळायला लागली. लोक महिना महिना घालवून खुर्चीवर बसायला शिकतात. ती अर्ध्या तासात शिकत होती. हसणाऱ्या बाया गप्प झाल्या. समोरच्या मुलीनं कपाळाचा घाम पुसला. गुण बरोबरीला आले.

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मला भीती वाटली. ती जिंकेल याची भीती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात त्या परक्या मुलीच्या सोंगट्या मोजत होतो.

शेवटी बोर्डावर राणी आणि दोघींच्या थोड्या सोंगट्या राहिल्या. हिनं राणी घेतली. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालावी लागते, नाहीतर राणी परत बोर्डावर येते. तिची सोंगटी मागच्या बाजूला, कडेला चिकटलेली होती. सतरंजीवर असती तर तिनं ती गुडघ्यावर रेलून डोळे झाकून घातली असती. इथं रेलता येत नव्हतं. तिनं स्ट्रायकर लावला. तिचा हात मी चार हातांवरून पाहत होतो. दगडासारखा स्थिर होता. सोंगटी खिशाच्या तोंडाशी जाऊन थांबली. राणी परत आली, त्या मुलीनं ती घेतली आणि सामना संपला.

त्या मुलीनं उठून हिच्याशी हात मिळवला. "काकू, तुमी फार चांगल्या खेळता. पुढच्या साली या." हिचा चेहरा उजळला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अहो, आपन थांबू संध्याकाळपर्यंत. बाकीच्या कशा बसतात ते पाहू. शिकाले भेटन."

"आता काय पाहायचं," मी म्हणालो. "चल, गाडी भेटन."

ती थांबली असती तर कोणाशी तरी बोलली असती. आणि कोणीतरी म्हटलं असतं की बाई, सामने असेच होतात, खाली कधीच नसतात. मी तिची पिशवी उचलली आणि चालू लागलो. ती मागे वळून वळून बघत आली.

एसटीत तिनं हात सवयीनं पुन्हा शालीत गुंडाळला. मग म्हणाली, "ती शेवटची सोंगटी जायले पाह्यजे होती. तशी सोंगटी माही कधी चुकत नाई. काऊन राह्यली?"

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "हात थरथरत होता तुझा."

"माहा?"

"हो. तुला कळलं नाही? घाबरली होतीस तू."

तिनं आपला उजवा हात शालीतून बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. स्वतःचा हात खेळताना कोणाला दिसतो? माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी तिचा भाऊ धाडहून आला होता. बहीण जिंकली की हरली हे ऐकायला, चिवड्याचा पुडा घेऊन. "काय झालं?" त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, "काय होणार? घाबरली. हात थरथरला. दशम्या होत्या तशा परत आल्या." तो हसला नाही. त्यानं आतल्या खोलीकडे बघितलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हाव दादा, हातच नाई राह्यला जागेवर." पहिल्यांदा ती गोष्ट अशी सांगितली गेली, आणि तिनंच तिला दुजोरा दिला.

पुढच्या वर्षी खामगावला जाण्याचं तिनं नाव काढलं नाही. मी विचारलंही नाही. कचेरीतल्यांनी विचारलं तर मी हात थरथरवून दाखवायचो आणि सगळे हसायचे. कोणी मला चॅम्पियन म्हणून चिडवेनासं झालं. तिनं काही दिवसांनी बोर्ड धाडच्या समाजमंदिराला देऊन टाकला. "तिथं पोरी तरी खेळतीन," म्हणाली. गोष्ट मात्र आमच्याकडेच राहिली आणि वाढत गेली. दशम्यांची संख्या वाढली, थरथर वाढली, पंचानं पाणी आणून दिलं असंही मी मधे घातलं. ती समोर असली की तीही हसायची, तोंडाला पदर लावून.

मुलीचंही तसंच झालं. नववीत वक्तृत्व स्पर्धेत ती मधेच अडखळली आणि खाली उतरली. घरी आल्यावर मी म्हणालो, "आईवर गेलीस." ते मी प्रेमानं म्हणालो होतो. बारावीच्या तोंडी परीक्षेच्या वेळी म्हणालो. स्कूटर शिकताना ती घाबरली तेव्हा म्हणालो. पुढे ती शिक्षिका झाली, चिखलीला दिली, संसाराला लागली. मुख्याध्यापिकेच्या पदासाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं तेव्हा ती गेलीच नाही. फोनवर मी कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा, मले माहीत हाय न माहं. ऐनवेळी आईसारखं होते."

तेव्हाही मी बोललो नाही. बायको शेजारीच बसली होती. तिनं फोनवरचं ऐकलं होतं. म्हणाली, "माह्यामुळंच पोरीले हे लागलं."

शेवटच्या काही वर्षांत तिला कंपवात झाला. उजव्या हातापासूनच सुरू झाला. चहाचा कप धरता येईना. मी पाजायचो. एका दुपारी चहा पाजता पाजता ती आपल्या हातावर नजर ठेवून म्हणाली, "तुमी त्या दिवशी एसटीत म्हणले होते न, हात थरथरते म्हणून. तवापासूनच असन हे. तुमच्याच ध्यानात आलं होतं, मले काई समजलंच नाई."

कप माझ्या हातात होता. घरात आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून सोपी वेळ आयुष्यात आली नसती. ती रागावली असती तर रागावली असती, तेवढं तिच्या हक्काचं होतं. मी तिच्या ओठांना कप लावला आणि म्हणालो, "पी. थंड होईल." ती गेली तोपर्यंत ती हेच मानत होती की तिच्या अंगात तो आजार तरुणपणापासून दबा धरून होता आणि खामगावला पहिल्यांदा बाहेर आला. तिच्या नवऱ्याची नजर बारीक, म्हणून त्याला तेवढा दिसला.

या वर्षी मुलगी आली होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"आईले सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

ती मग म्हणाली, "मले एकटीले काऊन सांगता? आईवर गेली, आईवर गेली, हे तुमी साऱ्याइसमोर म्हणत होते. तं साऱ्याइसमोरच सांगा." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. जाताना पाया पडायची तिची पद्धत आहे. पडली नाही.

तिच्या आईचा स्मृतिदिन धाडला, तिच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या घरी करायचा ठरला. मेहुणा आता ऐंशीच्या घरात आहे, कानानं थोडा कमी ऐकतो. सकाळी विहारात वंदना झाली. मग अंगणात मांडव, सतरंज्या, जेवणाच्या पंगतीआधी सगळे बसलेले. लोक तिच्या आठवणी सांगू लागले. कोणी तिच्या हातच्या भाजीची, कोणी तिनं रात्रभर बसून केलेल्या बाळंतिणीच्या सेवेची. आणि मग तिच्या चुलतभावाच्या सुनेनं मला म्हटलं, "मामाजी, ते खामगावची गोष्ट सांगा न. नव्या पोराइनं ऐकलीच नाई."

मुलगी समोर बसली होती. माझ्याकडे बघत होती.

मी सुरुवात केली. दिवसभराच्या दशम्या बांधल्या, म्हणालो, आणि लोक हसले. मी अजून काही सांगितलंच नव्हतं, पण हसायची जागा त्यांना माहीत होती. मी थांबलो. हसणं थांबेपर्यंत थांबलो. मग बाकीचं सांगितलं. स्टँडचं, सतरंजीचं, एसटीतलं, चहाच्या कपाचं. सांगून झालं. मग ती सून समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ द्या मामाजी, कायले मनाले लावून घेता. आमी बाया घाबरतोच." तिच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "मामीवर किती जीव हाय पाहा यायचा, दोष सोतावर घेऊन राह्यले." दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावले. आतून कोणीतरी पंगत वाढायची का म्हणून विचारलं.

त्यांना ते पटलंच नव्हतं. इतकी वर्षं मी इतकं चांगलं सांगितलं होतं.

मेहुण्याला ऐकू कमी येतं म्हणून मुलगी त्याच्याजवळ सरकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं सगळं पुन्हा सांगितलं. एकेक वाक्य. तो माझ्याकडे बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं मला हातानं जवळ बोलावलं. मी त्याच्यापुढे जाऊन बसलो.

"काऊन, जवाईबापू?" त्यानं विचारलं.

त्या 'का'चं उत्तर मला ठाऊक होतं. तीस वर्षं ठाऊक होतं, पण तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. मी म्हणालो, "ती माझ्यापेक्षा चांगली खेळत होती."

त्याला ऐकू गेलं नाही. मुलीनं ते त्याच्या कानाशी पुन्हा म्हटलं. तिच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मी मान खाली घातली.

म्हातारा सतरंजीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ते तं साऱ्या धाडले माहीत होतं. तिलेच तेवढं माहीत नव्हतं. ते तुमी सांगा लागत होतं."

तो काठीच्या आधारानं उठला आणि घरात गेला. त्याच्यामागे मुलगी गेली. पंगत बसली तेव्हा दोघंही जेवायला आले नाहीत.